पडद्यावरची दुधी काच

दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीच्या दाराला, बँकेत साहेबांच्या केबिनला, न्हाणीघराच्या खिडकीला जी काच बसवितात तिला आपण दुधी काच म्हणतो. तिच्यातून उजेड येतो, पण नजर जात नाही. पलीकडे कोणीतरी उभे आहे आणि त्याच्या अंगात तांबडा सदरा आहे, एवढे समजते; तो कोण, ते समजत नाही. माणसाला हे अर्धवट दिसणे मोठे आवडत असावे. कारण गेल्या काही वर्षांत ही काच दारे-खिडक्या सोडून आपल्या मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसली आहे. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले की नातवंडांचा जो फोटो आपण तेथे हौसेने लावून ठेवलेला असतो तो धूसर होतो, आणि त्याच्यावर बटणांची एक पट्टी तरंगू लागते. मागचा फोटो पुसला गेलेला नसतो. त्याचे रंग झिरपत असतात. फक्त चेहरे ओळखू येत नाहीत.

यंत्रे बनविणाऱ्यांना ही काच आपापल्या यंत्रात बसविणे त्यामानाने सोपे गेले. मायक्रोसॉफ्टने ती २००७ साली ‘विंडोज व्हिस्टा’त आणली, ॲपलने २०१३ साली आयफोनच्या सातव्या आवृत्तीत. घर त्यांचे, भिंती त्यांच्या. मनात आले, काच बसविली. वेबपानाची गोष्ट मात्र निराळी आहे. ते पान लिहितो एक आणि दाखवितो दुसराच. दाखविणाऱ्याला आपण ब्राउझर म्हणतो. कोणाकडे तो क्रोम असतो, कोणाकडे सफारी, कोणाकडे फायरफॉक्स, कोणाकडे एज. रेल्वेचे आरक्षण करा, वीजबिल भरा किंवा अमेरिकेतल्या लेकीच्या गावचे हवामान पाहा. मधे या चौघांपैकी कोणीतरी असणारच. पानाच्या लेखकाने ‘येथे दुधी काच बसवा’ असे लिहिले तर ते या चौघांनाही समजले पाहिजे, आणि चौघांनी बसविलेली काच सारखी दिसली पाहिजे.

ही एवढीशी सूचना सफारीला समजू लागली २०१५ साली. एजला २०१८ मध्ये, क्रोमला २०१९ च्या जुलैत, फायरफॉक्सला २०२२ च्या जुलैत. आणि एकाच शुद्ध रूपात ती सगळीकडे चालू लागली २०२४ च्या सप्टेंबरात. एका काचेसाठी नऊ वर्षे! तेवढ्यात पहिलीत घातलेले पोर दहावीला जाऊन बसते. संगणकाच्या धंद्यातील तरुणांना विचारावे तर ते हसून म्हणतात, ‘कंपन्यांची भांडणे आणि आळस, दुसरे काय!’ भांडणे आहेत, थोडा आळसही असेल. पण या नऊ वर्षांत जे प्रश्न निघाले ते ऐकण्यासारखे आहेत, आणि त्यातला एक तर तुमच्या-माझ्या घराच्या कडीकुलपाशी संबंध असलेला आहे.

आधी ही सूचना लिहितात कोणत्या भाषेत, ते सांगितले पाहिजे. त्या भाषेचे नाव सीएसएस. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब जन्माला घातले, आणि तेथेच काम करणाऱ्या होकॉन व्हिउम ली या नॉर्वेच्या गृहस्थांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी या भाषेचा पहिला प्रस्ताव मांडला. कल्पना अशी, की मजकूर निराळा ठेवावा आणि त्याची सजावट निराळी. छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लगेच उमजेल. लेखकाचे हस्तलिखित एकीकडे. आणि ‘मथळा ठळक घ्या, डावीकडे समास सोडा, येथे चौकट करा’ या संपादकाच्या सूचना दुसरीकडे. सीएसएस म्हणजे त्या समासातल्या सूचना. १९९६ च्या डिसेंबरात या भाषेचे पहिले प्रमाण पुस्तक तयार झाले आणि त्यात एक नियम घातला गेला. माझ्या मते सबंध भाषेतला सर्वांत शहाणा नियम तोच. ब्राउझरला एखादी सूचना समजली नाही, तर त्याने अडून बसू नये, कुरकुर करू नये. तेवढी सूचना मुकाट्याने ओलांडावी आणि पुढची वाचावी. हा नियम नसता तर प्रत्येक नव्या दागिन्याबरोबर जगातली सगळी जुनी यंत्रे बंद पडली असती. याच नियमाला पुढे थोडे गालबोट लागले, ते ओघात येईलच.

आता काच. सूचनेचे नाव ‘बॅकड्रॉप-फिल्टर’, आणि तिचा मराठीत अर्थ असा : या चौकटीच्या मागे जे काही असेल ते इतक्या बिंदूंपर्यंत धूसर कर. पडदा म्हणजे बारीक रंगीत बिंदूंची रांगोळी. साध्या मोबाइलच्या पडद्यावर आडवे १०८० आणि उभे २४०० बिंदू असले, तर एकूण सुमारे २६ लाख झाले. धूसर करणे म्हणजे प्रत्येक बिंदूने आपला रंग सोडून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रंगांची सरासरी घेणे. जवळच्या शेजाऱ्याला अधिक मान, लांबच्याला कमी. हा मान किती असावा हे ज्या घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेवरून ठरते, तिला गाउस या थोर जर्मन गणितज्ञाचे नाव आहे. चहूकडे वीस-वीस बिंदूंपर्यंतचे शेजारी विचारात घ्यायचे ठरविले, तर ४१ गुणिले ४१, म्हणजे १,६८१ शेजारी झाले. सव्वीस लाख बिंदूंनी प्रत्येकी एवढ्यांना विचारावयाचे म्हणजे सुमारे ४३६ कोटी विचारपुशी. आणि ही एकदा नव्हे, कारण पान बोटाने सरकत असताना मागचे चित्र पडद्यावर सेकंदाला साठ वेळा नवे काढावे लागते!

येथे गाउससाहेब धावून आले. त्यांच्या वक्ररेषेत अशी सोय आहे, की आधी सगळ्यांनी फक्त आडव्या रांगेतल्या शेजाऱ्यांना विचारावे, आणि जे उत्तर येईल ते घेऊन मग फक्त उभ्या रांगेत विचारावे. उत्तर तंतोतंत तेच येते, आणि १,६८१ ऐवजी ४१ अधिक ४१, म्हणजे ८२ जणांत काम भागते. शिवाय जे पुसटच करावयाचे ते पूर्ण बारकाव्यानिशी कशाला घ्या, म्हणून चित्र आधी लहान करून घेतात, धूसर करतात आणि पुन्हा ताणून मोठे करतात. एवढे करूनही काम हलके नव्हे. फायरफॉक्सला तर ही काच बसविण्यापूर्वी चित्र काढण्याची आपली जुनी यंत्रणाच बदलावी लागली. ‘वेबरेंडर’ नावाची त्यांची नवी यंत्रणा २०१९ पासून हळूहळू लोकांच्या संगणकांत पोचू लागली, आणि ती सर्वत्र पोचेपर्यंत काच कुलपात ठेवावी लागली.

पण गणिताहून अवघड निघाला तो एक शब्द : ‘मागे’. चौकटीच्या ‘मागे जे असेल ते’, म्हणजे नेमके काय? मराठीच्या अध्यापकाला अशा प्रश्नाचे अप्रूप वाटावे यात नवल नाही. आमचे आयुष्यच एका शब्दाचा अन्वय लावण्यात जाते. ब्राउझर पान रंगवितो ते रंगाऱ्यासारखे, मागून पुढे : आधी भिंत, मग भिंतीवरची तसबीर, मग तसबिरीवरचा हार. पण एखादा भाग ‘सगळाच्या सगळा अर्धा पारदर्शक कर’ अशी सूचना असेल, तर तो भाग निराळ्या कागदावर रंगवून घ्यावा लागतो आणि मग तो कागद भिंतीवर चिकटवावा लागतो. आता दुधी काच त्या निराळ्या कागदावरच असेल तर? तिने आपल्या कागदावरचे तेवढे पाहावे, की कागद भेदून थेट भिंतीपर्यंत पाहावे? भिंतीपर्यंत पाहू दिले, तर कागद चिकटविल्यावर भिंत दोनदा दिसणार : एकदा काचेतून आणि एकदा कागदाच्या पारदर्शकतेतून. शेवटी असे ठरले, की काचेची नजर आपल्या कागदाच्या काठाशी थांबावी. त्या काठाला ‘बॅकड्रॉप रूट’ असे नाव मिळाले, आणि कोणकोणत्या सजावटींमुळे असा निराळा कागद होतो त्याची यादी झाली. एक दुधी काच स्वतःही त्या यादीत आहे. त्यामुळे काचेच्या आत काच बसविली तर आतल्या काचेला बाहेरचे काही दिसत नाही, आणि आजही कितीतरी तरुण कारागीर ‘माझी दुसरी काच का चालत नाही’ म्हणून डोके खाजवीत बसतात.

दुसरी फट निघाली ती काठाशी. काठावरच्या बिंदूचे निम्मे शेजारी काचेबाहेर असतात. त्यांना विचारावे, तर पान वर सरकताना एखादे लालभडक चित्र काचेखाली यायच्या आधीच तिच्यात लाली पसरते. न विचारावे, तर ते चित्र काठाशी पोचताच काठ एकदम झळाळतो आणि मग विझतो. डोळ्यांना हे फार खुपते. यावर तोडगा निघाला तो आरशाचा. बाहेरच्यांना विचारूच नये. काठाशी आरसा धरला आहे असे समजून आतलेच रंग उलटे मोजावेत. वाचताना हे फार किरकोळ वाटेल, पण असल्या किरकोळ प्रश्नांनीच वर्षे खाल्ली.

ही चर्चा वाचताना मला आपल्या मराठी साहित्य महामंडळाची आठवण होत होती. १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम आले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार पडले. पण नियम झाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या लेखणीतून जुने अनुस्वार थोडेच गळाले! छापखाने, शाळा, वर्तमानपत्रे, प्रत्येकाने आपापल्या वेळेने बदल केला. ब्राउझरांचेही असेच चालते. मधल्या काळात ‘ही सूचना अजून तालमीत आहे’ हे दाखविण्यासाठी ते सूचनेआधी आपले नाव जोडीत. सफारीच्या इंजिनाचे नाव वेबकिट, म्हणून सूचनेआधी ‘वेबकिट’ लावायचे. फायरफॉक्सवाल्यांचे उपपद ‘मोझ’, मायक्रोसॉफ्टचे ‘एमएस’. हेतू चांगला होता. झाले भलतेच. आयफोनच्या धामधुमीत पाने लिहिणाऱ्यांनी फक्त ‘वेबकिट’वाली सूचना लिहिण्याची सवय लावून घेतली, आणि बाकीच्या ब्राउझरांत ती पाने ओकीबोकी दिसू लागली. इतकी, की २०१६ साली फायरफॉक्सला प्रतिस्पर्ध्याच्या नावाच्या कितीतरी सूचना निमूटपणे आपल्या म्हणून वाचावयास लागावे लागले. शेजारणीच्या नावाने हाक मारली तरी ‘ओ’ द्यावयाची, असलाच हा प्रकार! आमची दुधी काच सफारीत २०२४ पर्यंत या उपपदाखेरीज चालत नव्हती, म्हणून पाने लिहिणारे तीच ओळ दोनदा लिहीत.

हल्ली उपपदांची ती चाल मागे पडली आहे. नवी सजावट ब्राउझरात आणतात, पण कुलपात ठेवतात. हौशी कारागिराने किल्ली फिरवून पाहावी. शिवाय सर्व कंपन्यांनी मिळून चाचण्यांचा एक सामाईक साठा केला आहे. त्यातली युक्ती मला फार आवडली. एक पान नव्या सूचनेने रंगवायचे आणि तेच चित्र दुसऱ्या पानावर जुन्या, खात्रीच्या पद्धतीने काढायचे. मग दोन्ही चित्रे बिंदूला बिंदू लावून ताडून पाहायची. क्रोममध्ये तर नवी सूचना लोकांपुढे आणण्यासाठी तीन अधिकाऱ्यांचा रुकार लागतो.

आता कडीकुलपाची गोष्ट. वेबपानात दुसऱ्या संस्थेचे छोटे पान खिडकीसारखे बसविता येते. एखाद्या पाककृतींच्या पानाच्या कोपऱ्यात पूर्वी फेसबुकची चौकट दिसे आणि तिच्यात तुमचे नाव व छायाचित्र असे, ते असेच. असली चौकट तुम्हांला दिसते; पाककृतींच्या पानाला मात्र तिच्यात डोकावण्याची सक्त मनाई आहे. हा वेबचा मूळ कायदा. एका पडद्यावर बँक आणि बाजार शेजारी शेजारी नांदू शकतात ते या कायद्यामुळे. पण सजावटीला मनाई नाही. परक्या चौकटीवर रंगीत काच ठेवणे, ती धूसर करणे, तिचे रंग मिसळणे, हे सगळे पानाला करता येते. मग प्रश्न असा : काच ठेवायला किती वेळ लागला हे घड्याळ लावून मोजले, तर खालचा रंग ओळखता येईल का?

येतो, निदान येत होता. २०१३ साली पॉल स्टोन यांनी एक विशिष्ट फिल्टर वापरून हे प्रथम दाखवून दिले. मग रुस्लान हाबालोव आणि डारिओ वाइसर या दोघांनी रंग मिसळण्याच्या ‘मिक्स-ब्लेंड-मोड’ या सूचनेवर तोच प्रयोग केला. काही मिश्रणांत गडद रंगाला एक वेळ लागे, फिक्या रंगाला दुसरा. फरक डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हे, पण एकावर एक पुष्कळ थर रचले की घड्याळाला जाणवण्याइतका होई. त्यांचे पान फेसबुकच्या चौकटीवर बिंदू बिंदू सरकत असले थर रचीत गेले आणि वेळ मोजीत गेले. भेट देणाऱ्याचे नाव सुमारे वीस सेकंदांत, त्याचे छायाचित्र सुमारे पाच मिनिटांत त्यांच्या हाती आले. झाकण न काढता, नुसत्या वासावरून डब्यात काय आहे ते ओळखणारी पोरे आपण घरोघरी पाहतो. हे त्यातलेच, पण बरेच भयंकर. ही फट क्रोमने २०१७ च्या डिसेंबरात आणि फायरफॉक्सने २०१८ च्या मे महिन्यात बुजविली. उपाय एकच : रंग कोणताही असो, हिशेबाला वेळ सारखाच लागला पाहिजे. दोघांनी २०१८ साली सगळी हकीकत जगापुढे मांडली.

तेव्हापासून कोणतीही नवी काच आली की आधी हा प्रश्न विचारला जातो, आणि फिल्टरांच्या नियमपुस्तकात तशी स्पष्ट ताकीद आहे. याच भीतीपायी एक मोठी योजना बुडाली, तीही सांगतो. अडोबी कंपनीने २०११ साली असे सुचविले होते, की पानाच्या लेखकाला स्वतःच हवा तो फिल्टर घडवू द्यावा. कल्पना देखणी होती. पण फिल्टर लिहिणाराच चोर असला तर? तो मुद्दाम असा फिल्टर लिहील, की काळ्या रंगाला क्षण लागावा आणि पांढऱ्याला दहा क्षण. या योजनेवर नाना बंधने घालून पाहिली. अखेर २०१४ साली क्रोमने ती काढूनच टाकली. शोभेचे एक अंग गेले. गेले ते बरे झाले असेच मी म्हणेन.

उरला प्रश्न वाचणाऱ्याचा. न समजलेली सूचना ओलांडण्याच्या नियमाला गालबोट लागते ते येथे. लेखकाने ‘चौकट अर्धी पारदर्शक कर’ आणि ‘मागचे धूसर कर’ अशा दोन सूचना लिहिल्या. जुन्या मोबाइलला पहिली समजते, दुसरी समजत नाही. तो पहिली पाळतो, दुसरी ओलांडतो, आणि मग मागची अक्षरे पुढच्या अक्षरांत मिसळून एकच काला होतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने वडिलांच्या जुन्या फोनवर एका प्रवेश-अर्जाचे पान उघडून मला दाखविले होते. कॉलेजाचे नाव सांगत नाही. ‘अंतिम तारीख’ या शब्दांवर मागच्या इमारतीच्या फोटोतील पाटी आली होती. तारीख सतरा की सत्तावीस, हे कळावयास तिला कार्यालयात खेटा घालावा लागला. काचेविना अर्ज भरता येतो, तारखेविना नाही. उपाय अगदी साधा आहे. आधी घट्ट रंग लिहावा, आणि मग ‘काच समजत असेल तरच पुढचे वाच’ अशी अट घालून काच लिहावी. तशी अट लिहिण्याची सोय भाषेत आहे. लिहिणारे विसरतात.

ज्यांचे फोन नवे आहेत त्यांनाही काच मानवतेच असे नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक इतके अंतर असावे, असा वाचनसुलभतेचा २००८ पासूनचा नियम आहे. कागदावर हे एकदा मोजले की झाले. काचेमागचे चित्र मात्र सरकत असते; आत्ता काळोख, पुढच्या क्षणी बर्फाचा डोंगर. मोतीबिंदू होऊ घातलेल्या डोळ्यांना हे फार जाचते. म्हणून ‘मला पारदर्शकता कमी हवी’ असे आपल्या यंत्राला एकदा सांगून ठेवण्याची सोय झाली, आणि २०२३ साली क्रोम ही इच्छा पानाच्याही कानावर घालू लागला. घरात वडील माणसे असतील तर त्यांच्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये ही कळ शोधून द्यावी. दिवाळीत सगळे एकत्र असतातच.

२०२५ च्या जूनमध्ये ॲपलने नव्या काचेची घोषणा केली. तिचे नाव ‘लिक्विड ग्लास’, पातळ काच. ही नुसती धूसर करीत नाही, काठाशी किरण वाकवते. पाण्याने भरलेल्या पेल्यातून टेबलावरच्या कापडाचे पट्टे वाकडे दिसावेत तसे. लगोलग तक्रारी सुरू झाल्या, की अक्षरे वाचता येत नाहीत. आणि पुढे काच गडद करण्याची एक कळ ॲपलला द्यावी लागली. पण वेबपाने लिहिणाऱ्या तरुणांना ती काच हवीच होती. बिंदू जागचे हलविणारा एक जुना फिल्टर बॅकड्रॉप-फिल्टरच्या ओळीत बसवून त्यांनी तशी काच ओतून पाहिली. क्रोम आणि एज यांच्या इंजिनात ती दिसते. २०२५ साली फायरफॉक्समध्ये ती दिसत नव्हती. आणि जिने हे सगळे वेड लावले त्या ॲपलच्या सफारीतही दिसत नव्हती.